गोदो कोण ते राहू द्या, विजार घोट्यापर्यंत पडू द्या: बेकेट बसवणाऱ्यांसाठी

तुमचा प्रश्न असा आहे: हौशी गट आहे, ‘वेटिंग फॉर गोदो’ करायला घेतलंय, पण तालीम वाचनाच्या पुढे सरकत नाही, कारण गोदो म्हणजे कोण यावरच एकमत होत नाही. कुणाला तो देव वाटतो, कुणाला मृत्यू, कुणाला कधीच न येणारा बदल. त्याचा लेखक सॅम्युएल बेकेट, त्याचं आयुष्य आणि बाकीची नाटकं आधी किती वाचावीत हेही तुम्ही विचारलंय. शिवाय गटात मुली जास्त आहेत, तर गोदोची वाट बघणारे ते दोन भटके, व्लादिमीर आणि एस्ट्रागॉन, त्यांनी केले तर चालेल का? हा शेवटचा प्रश्न शेवटी घेतो, कारण त्यात कायद्याचा भाग आहे.

गोदो कोण हे ठरवूच नका. अमेरिकेतला पहिला प्रयोग बसवणाऱ्या अ‍ॅलन श्नायडरने खुद्द बेकेटला हेच विचारलं होतं. त्यावर बेकेटचं म्हणणं एवढंच होतं की मला माहीत असतं तर मी नाटकातच लिहिलं असतं. लेखक आढेवेढे घेतोय असं समजू नका, त्याच्या उत्तरात तालमीचं शहाणपण आहे. नाटकातल्या त्या दोघांना गोदो दिसतो कसा हेसुद्धा धड ठाऊक नाही. पोझो नावाचा जमीनदार वाटेने येतो तेव्हा ते त्यालाच गोदो समजतात. जे पात्राला माहीत नाही ते नटाने मनात पक्कं करून ठेवलं, की तो वाट बघायचं सोडून अर्थ दाखवायला लागतो. मग नजर वर आभाळाकडे जाते, आवाज जड होतो, पॉझ लांबतात आणि पहिल्या दहा मिनिटांत प्रेक्षक घड्याळ बघायला लागतो. बेकेट कंटाळवाणा आहे ही आपल्याकडची समजूत अशाच प्रयोगांमुळे झाली आहे, आणि तिचं मला फार वाईट वाटतं. तो मुळात कमालीचा विनोदी नाटककार आहे.

अर्थ सोडायचा तर धरायचं काय? रंगसूचना धरायच्या. एक प्रसंग सांगतो. ५ जानेवारी १९५३ ला पॅरिसच्या तेआत्र द बाबिलोनमध्ये गोदोचा पहिला प्रयोग झाला. दिग्दर्शक रोजे ब्लँ, आणि पोझोही त्यानेच केला होता. बेकेट त्या रात्री हजर नव्हता. त्याची जोडीदार सुझान प्रयोग पाहून आली आणि तिने त्याला एक गोष्ट सांगितली. नाटकाच्या अगदी शेवटी दोघं गळफास घ्यायचा विचार करतात. दोरी नसते, म्हणून एस्ट्रागॉन विजारीला बांधलेली दोरी सोडतो. विजार त्याच्या मापापेक्षा बरीच मोठी, ती घसरून थेट घोट्यांशी येते. एस्ट्रागॉन करणारा पिएर लातूर ती पूर्ण पडू देत नव्हता, अर्ध्यावरच अडवत होता. बेकेटने लगेच ब्लँला पत्र लिहिलं: विजार पूर्ण पडली पाहिजे, घोट्यांपर्यंत. प्रेक्षक हसले तर हसू देत. शोकांत गोष्टीइतकं हास्यास्पद दुसरं काही नसतं, हाच या नाटकाचा जीव आहे आणि तो शेवटपर्यंत, विशेषतः शेवटी, दिसला पाहिजे, असं त्या पत्रात त्याचं म्हणणं होतं.

हे नीट बघा. मरायला निघालेला माणूस, विजार खाली, आणि ती पडल्याचं त्याला भानही नाही. दोघं लक्ष देऊन दोरी बघताहेत. ओढून बघतात, दोरी तुटते, दोघं पडता पडता वाचतात. नटाने इथे लाजायचं नाही, दुःखही दाखवायचं नाही. दोरी टिकेल का, हा एकच व्यवहारी प्रश्न डोक्यात ठेवायचा. माझ्या अनुभवात ही जागा अशी केली की प्रेक्षक हसतो आणि हसता हसता गप्प होतो. लातूरने केलं तशी विजार अर्ध्यावर धरली की नट स्वतःची अब्रू वाचवतो आणि नाटकाची घालवतो. तुमच्या तालमीत अर्थावर वाद सुरू झाला की सगळ्यांना उठवा आणि हा प्रवेश करून बघा. दोरी खरी हवी, तुटणारी हवी, विजार खरोखर सैल हवी.

आता आयुष्य. चरित्र वाचावं, पण नाटकाची किल्ली सापडेल म्हणून नव्हे. हा माणूस कुठली माती तुडवून आला एवढं कळण्यासाठी वाचावं.

जन्म १३ एप्रिल १९०६, गुड फ्रायडेचा. डब्लिनच्या दक्षिणेला फॉक्सरॉक नावाचं सुखवस्तू उपनगर, घर प्रोटेस्टंट. ट्रिनिटी कॉलेजात फ्रेंच आणि इटालियनचा अभ्यास. क्रिकेट इतकं चांगलं खेळायचा की ट्रिनिटीकडून नॉर्दम्प्टनशायरविरुद्ध प्रथम श्रेणीचे सामने खेळला. त्या वयात तो डब्लिनच्या अ‍ॅबी थिएटरमध्ये जॉन मिलिंग्टन सिंजची नाटकं बघत होता, आणि नाटककार म्हणून कुणाचं ऋण मानतोस असं विचारल्यावर पुढे त्याने सिंजचंच नाव घेतलं. आयर्लंडच्या रस्त्यांवरचे भटके, भिकारी आणि त्यांची तोंडाची वाफ दवडणारी, तरी लयीत चालणारी बोली सिंजकडे आहे. ‘द वेल ऑफ द सेंट्स’मधलं आंधळं भिकारी जोडपं वाचा, गोदोतल्या दोघांचे सख्खे नातलग वाटतील. बेकेटला एकदम पॅरिसच्या तत्त्वज्ञांच्या पंगतीत नेऊन बसवतात तेव्हा हे आयरिश अंग सुटून जातं. चॅप्लिन, बस्टर कीटन आणि लॉरेल-हार्डी हे त्याचं दुसरं अंग. गोदोतल्या गोल टोप्या तिथूनच आल्या.

१९२८ साली तो पॅरिसला शिकवायला गेला आणि आयरिश कादंबरीकार जेम्स जॉइसच्या गोतावळ्यात शिरला. जॉइसची दृष्टी अधू होत चालली होती, बेकेट त्याला वाचून दाखवायचा, त्याची कामं करायचा. पुढची बरीच वर्षं त्याचं लेखन जॉइसच्या सावलीतच राहिलं. दुसरं महायुद्ध संपल्यावर डब्लिनला आईच्या खोलीत असताना त्याला आपली वाट उमगली. जॉइस जास्तीत जास्त जाणण्याच्या आणि भर घालण्याच्या दिशेने जाऊ शकेल तितका गेला आहे. आपली वाट उलटी: काढून टाकण्याची, गरिबीची, न जाणण्याची. माझ्या मते बेकेट बसवणाऱ्याने चरित्रातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची तर ही. तो आयुष्यभर काढत गेला. आपण भरायला जायचं नाही.

मधल्या काळात युद्ध झालं. आयर्लंड तटस्थ होतं. बेकेट तिथे सुरक्षित राहू शकला असता, तरी तो पॅरिसला परतला. ‘ग्लोरिया एसएमएच’ नावाच्या नाझींविरुद्धच्या भूमिगत गटात त्याने काम केलं: आलेल्या बातम्या निवडायच्या, टाइप करायच्या, पुढे पोचवायच्या. ऑगस्ट १९४२ मध्ये गट फुटला. त्याचा जवळचा मित्र आल्फ्रेद पेरों पकडला गेला. छळछावणीतून सुटल्यावर लगेचच त्याचा अंत झाला. बेकेट आणि सुझान थोडक्यात निसटले आणि दक्षिणेला व्होक्लूझमधल्या रूसियों गावी लपून राहिले. तिथे दोन वर्षांहून जास्त काळ काय केलं? शेतावर मजुरी केली, बटाटे-द्राक्षं काढली, चालत राहिले आणि युद्ध संपायची वाट बघितली. गोदोच्या फ्रेंच संहितेत व्लादिमीर आठवण काढतो की आपण रूसियोंला बोनेली नावाच्या माणसाकडे द्राक्षं तोडायला होतो. बोनेली हा त्या गावचा खराखुरा शेतकरी. इंग्रजी संहितेत बेकेटने गावाचं आणि माणसाचं नाव दोन्ही काढून टाकली. काढून टाकणं म्हणतो ते असं.

युद्धानंतर बॉम्बहल्ल्यांत जमीनदोस्त झालेल्या सँ-लो शहरात आयरिश रेड क्रॉसने रुग्णालय उभारलं. तिथे तो कोठारप्रमुख आणि दुभाषा म्हणून राबला. फ्रान्सने त्याला क्र्वा द गेर हे पदक दिलं. तो याबद्दल फारसं बोलला नाही. मग ९ ऑक्टोबर १९४८ ते २९ जानेवारी १९४९ या काळात, कादंबऱ्या लिहिता लिहिता विसावा म्हणून, त्याने वहीत फ्रेंचमध्ये गोदो लिहिलं. उपाशी, अंगदुखीने हैराण, अनोळखी लोकांचा मार खाणारी, सुकलेल्या गाजरावर खूश होणारी ही माणसं कुठून आली हे आता वेगळं सांगायला नको. तरी प्रयोगात युद्ध आणू नका. गणवेश नको, सायरन नको. लेखकाने जे खोडलं ते आपण परत लिहायचं नाही.

आणखी एक घटना. जानेवारी १९३८ मध्ये पॅरिसच्या रस्त्यावर एका भडव्याने त्याला भोसकलं, सुरी हृदयाजवळून गेली. बरा झाल्यावर बेकेटने त्या माणसाला विचारलं, का मारलंस? तो म्हणाला, माहीत नाही साहेब. एस्ट्रागॉन रात्री खड्ड्यात झोपतो, मार खातो आणि कोण मारतं ते त्याला माहीत नसतं. हे वाक्य नटाने कुरकुरत, रोजचंच म्हणून बोलावं. त्यात करुणा ओतली की ते मेलंच.

नाटकं किती वाचावीत? गोदोसाठी तीन पुरे, पण नीट वाचा.

आधी ‘क्रॅप्स लास्ट टेप’. ऑक्टोबर १९५८ मध्ये लंडनच्या रॉयल कोर्टमध्ये पहिला प्रयोग, नट पॅट्रिक मॅगी. रेडिओवर ऐकलेल्या मॅगीच्या घोगऱ्या आवाजासाठीच ते लिहिलं गेलं. ६९ वर्षांचा म्हातारा, टेपरेकॉर्डर आणि ३९ व्या वर्षी त्याने स्वतःच्याच आवाजात भरून ठेवलेली टेप. टेपरेकॉर्डर तेव्हा इतका नवा होता की कुणाकडे ३० वर्षांपूर्वीची टेप असणं शक्यच नव्हतं. म्हणून बेकेटने पहिल्याच ओळीत काळ भविष्यातला ठेवला. वस्तूच्या बाबतीत तो एवढा काटेकोर. टेपवर आई गेल्याची आठवण आहे: तो तेव्हा बाहेर कालव्याकाठी बसलाय, खिडकीचा पडदा खाली येतो आणि त्याच क्षणी त्याच्या हातात कुत्र्यासाठीचा काळा रबरी चेंडू असतो. बेकेटची आई १९५० मध्ये डब्लिनच्या ग्रँड कॅनॉलजवळच्या शुश्रूषागृहात गेली, तेव्हा तो असाच बाहेर होता. दुःखाबद्दल एक शब्द नाही, चेंडू कसा लागला हाताला तेवढं आहे. तुमच्या नटांना हा एक परिच्छेद मोठ्याने वाचायला द्या.

मग ‘एंडगेम’. १९५४ मध्ये भाऊ फ्रँक कर्करोगाने आजारी होता. बेकेटने महिनोन्‌महिने त्याची शुश्रूषा केली, तो सप्टेंबरमध्ये गेला आणि त्यानंतर हे नाटक आकाराला आलं. हॅम आंधळा, त्याला उठता येत नाही. त्याचा नोकर क्लोव्ह, त्याला बसता येत नाही. हॅमचे आईबाप कचऱ्याच्या पिंपात. वेदनाशामक गोळी सारखी मागितली जाते आणि शेवटी कळतं की ती संपली आहे. ज्यांनी घरात दीर्घ आजारपण काढलंय त्यांना यातलं काहीही विचित्र वाटणार नाही. कोण कुणाला धरून आहे, चिडचिड आणि माया एकाच वाक्यात कशी येते, हे पोझो आणि त्याचा दोरीला बांधलेला नोकर लकी, तसंच डीडी-गोगो (व्लादिमीर-एस्ट्रागॉनची लाडकी नावं) या दोन्ही जोड्यांना उपयोगी पडेल.

तिसरं ‘ऑल दॅट फॉल’, बीबीसीवरचं १९५७ चं नभोनाट्य. जाडजूड मिसेस रूनी नवऱ्याला आणायला पाय ओढत स्टेशनवर जाते. फॉक्सरॉकचं लहानपण त्यात सगळं आहे: रेल्वे, शर्यतीचं मैदान, ग्रामीण डब्लिनची बोली. ते ऐकलं की बेकेट हसवतो कसा ते कानाला कळतं.

पुढचं आत्ता नाही वाचलं तरी चालेल. दिशा मात्र माहीत असू द्या. ‘हॅपी डेज’मध्ये (१९६१) विनी आधी कमरेपर्यंत आणि मग मानेपर्यंत मातीत. ‘प्ले’मध्ये तीन डोकी तीन रांजणांत, प्रकाशझोत पडेल तेव्हाच बोलतात. ‘नॉट आय’मध्ये (१९७२) काळोखात नुसतं तोंड, ते बिली व्हाइटलॉ या नटीने केलं तेव्हा तालमीत ती कोसळली होती. ‘फुटफॉल्स’मध्ये एक बाई उजेडाच्या पट्ट्यात मोजून नऊ पावलं टाकते आणि वळते. तिचं नाव मे, बेकेटच्या आईचंही तेच. रंगमंचावरचं एकेक कमी होत गेलं, नटाचं काम मात्र वाढत गेलं.

आता तुमच्या तालमीकडे. नेपथ्याला रस्ता, झाड, संध्याकाळ. एस्ट्रागॉनला बसायला बुटका उंचवटा. दुसऱ्या अंकात झाडाला चार-पाच पानं, बस. बेकेटने १९७५ मध्ये बर्लिनच्या शिलर थिएटरमध्ये गोदो स्वतः बसवलं. तेव्हा त्याच्या मनात एस्ट्रागॉन दगडाचा, जमिनीचा, आणि व्लादिमीर झाडाचा, उभ्याचा. हे पहिल्या दिवसापासून अंगात भिनवा. एकाला पायाचा त्रास, दुसऱ्याला लघवीचा. एक सारखा बसू बघतो, दुसरा सारखा येरझाऱ्या घालतो. त्या प्रयोगात कपड्यांची गंमतही होती: पहिल्या अंकात एकाचा कोट दुसऱ्याच्या अंगावर, त्यामुळे एकाला आखूड, दुसऱ्याला ढगळ, आणि दुसऱ्या अंकात उलट. खर्च शून्य, आणि दोघं एकमेकांवाचून पुरे होत नाहीत हे न बोलता दिसतं.

बूट पहिल्या दिवसापासून खरे आणि घट्ट हवेत. मूकाभिनयाने बूट काढण्याचा सराव केलात तर पहिलं वाक्य खोटं पडेल, कारण ते वाक्य बूट निघत नाही म्हणून येतं. दुसऱ्या अंकातली तीन टोप्यांची अदलाबदल संहितेत एकेक हालचाल लिहून दिलेली आहे. त्यात सुधारणा करू नका. आधी आकडे मोजत हळू करा, मग वेग वाढवा, तोंडाने काहीही न बोलता. ती जमली की दोन नटांचं टायमिंग आपोआप लागतं आणि संवादही त्याच झेलाझेलीने यायला लागतात. ‘पॉझ’ आणि ‘शांतता’ या दोन सूचना वेगळ्या आहेत, दोन्हींची लांबी एकच ठेवू नका. पॉझमध्ये विचार चालू असतो. शांततेत बोलायचं संपलेलं असतं आणि पुढचं वाक्य त्या भीतीतून येतं.

लकीचं भाषण पाठांतराची कसरत म्हणून उरकू नका. बेकेटने बर्लिनची तालीम त्या भाषणापासूनच सुरू केली होती. त्याचे भाग पडतात: माणसांची पर्वा नसलेला देव, आक्रसत चाललेला माणूस, दगडांची होत चाललेली पृथ्वी. भाग पाडून पाठ करा, म्हणजे नटाला कुठे जायचंय ते कळेल. पहिल्या प्रयोगात लकी करणाऱ्या जाँ मार्तँने डॉक्टरांकडून कंपवाताचं थरथरणं समजून घेऊन ते भाषणभर अंगात ठेवलं होतं. तुमच्या नटाला हे झेपत नसेल तर थरथर सोडा, ओझं सोडू नका. बॅग, स्टूल, टोपली, कोट हे सगळं खरं आणि जड हवं.

प्रेक्षकांना कळेल का, अशी भीती तुमच्या मनात असेलच. जानेवारी १९५६ मध्ये मायामीला हे नाटक हास्याची मेजवानी म्हणून जाहिरात करून लावलं, तर सुट्टीवर आलेले धनिक मध्यंतरात उठून गेले. नोव्हेंबर १९५७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन क्वेंटिनच्या तुरुंगात ते १४०० कैद्यांपुढे झालं आणि कैद्यांनी ते जीव लावून पाहिलं. रोज कुणाची तरी, कशाची तरी वाट बघणाऱ्याला समजावून सांगावं लागत नाही.

राहिला मुलींचा प्रश्न. बेकेट २२ डिसेंबर १९८९ ला गेला. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात, म्हणजे त्याच्या नाटकांना २०४९ अखेरपर्यंत परवानगी लागणार, अनुवाद केलात तरी. हक्क सांभाळणारे कडक आहेत आणि त्यांना ते वळण बेकेटनेच लावलंय. १९८४ मध्ये अमेरिकेत ‘एंडगेम’ भुयारी रेल्वेच्या स्थानकात घडवून वर संगीत घातलं, तेव्हा त्याने प्रेक्षकांच्या माहितीपत्रकात निषेध छापायला लावला. १९८८ मध्ये हॉलंडमध्ये बायकांनी गोदो केलं, तेव्हा तो कोर्टात गेला. तिथे तो हरला, पण भूमिका सोडली नाही. मला स्वतःला हा हट्ट सेटच्या बाबतीत पटतो, बायकांच्या बाबतीत तितकासा पटत नाही. पण माझ्या पटण्यावर परवानगी मिळत नसते. दुसरीकडे हाच माणूस दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाने वेगळ्या बसवलेल्या प्रेक्षकांपुढे आपली नाटकं होऊ देत नसे, आणि कॅटॅस्ट्रॉफी हे छोटं नाटक त्याने तुरुंगात असलेल्या चेक नाटककार व्हात्स्लाव हावेलसाठी लिहिलं. तेव्हा त्याला नुसता हेकट म्हणून सोडून देऊ नका.

तुमच्या गटातल्या मुलींसाठी ‘कम अँड गो’ बघा. तीन बायका, एक बाक, डोळे झाकणाऱ्या टोप्या, काही मिनिटांचा खेळ, एकेक जण उठून जाते आणि मागे राहिलेल्या दोघी तिच्याबद्दल कानात काहीतरी सांगतात. तिघींना गोदोइतकंच काम त्यात आहे. दोन्हींसाठी परवानगीचं पत्र आत्ताच पाठवा. त्यात भाषा, अनुवादक, प्रयोगांची संख्या, नाट्यगृहाची आसनं आणि तिकीट लावणार की नाही हे लिहा. उत्तराला वेळ लागतो, म्हणून ते हातात येईपर्यंत नाट्यगृहाची तारीख घेऊ नका आणि स्पर्धेचा फॉर्मही भरू नका.